ओंडक्याचं खाजण

माझ्या बाबांची मेल्यानंतर बदनामी झाली ती एका कावळ्याच्या साक्षीने. हे सांगितलं की ऐकणारा आधी हसतो, मग माझं तोंड बघून गप्प होतो. कावळ्यावर माझा राग नाही. पाखरू ते, त्याला भूक लागली होती. पण ज्याच्या बोलण्यानंतर तो पिंडाला शिवला, त्या माणसाला मी माफ केलेलं नाही. तो जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तरी नाही.

आमचं गाव कामणच्या रस्त्यावरून आत वळलं की खाडीच्या काठाला. खाडीला लागून मातीचा लांबच लांब बांध आणि बांधाच्या अलीकडे भाताची शेतं. खारं पाणी बाहेर राहिलं पाहिजे आणि पावसाचं गोडं पाणी बाहेर गेलं पाहिजे, म्हणून बांधात उघाडी असते. उघाडी म्हणजे दगडी चौकट आणि तिच्यावर वरून टांगलेली लाकडी झडप. भरती आली की खाडीचं पाणीच झडपेला चौकटीवर दाबून धरतं. ओहोटी लागली की आतलं पाणी तिला ढकलून निघून जातं. गावाचं वर्षभराचं पोट त्या एका फळीवर टांगलेलं असायचं.

बाबा गावातले पहिले इंजिनियर. गाव त्यांना ‘इंजनेर’ म्हणायचं. ठाण्याच्या कचेरीत नोकरी, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि पायात कायम चिखलाचे बूट. शनिवारी घरी येताना होळी बाजारातून सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली केळी, आणायचे. केळीच्या सोपटात बांधलेला तो पुडा आई वरच्या फळीवर ठेवायची आणि बाबा आईच्या नकळत मला दोन काढून द्यायचे. आईला सगळं कळत असायचं. रविवारी ते अंगणात बसून राखेने भांडी घासायचे, भर गावासमोर. बायका हसत पाणी भरायला जायच्या. माझ्या वेण्याही तेच घालायचे आणि घालून झाल्यावर दोन्ही वेण्या फूटपट्टीने मोजायचे. अर्ध्या इंचाचा फरक निघाला की सोडून पुन्हा. शाळेला उशीर झाला म्हणून मी रडायचे, पण वेण्या सारख्या असायच्या.

भरतीचं गणित मला त्यांनीच शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता किनाऱ्याला पूर्ण भरती. आपल्या गावापर्यंत पाणी चढायला आणखी एक तास. अष्टमीला सहा, म्हणजे आपल्याकडे सात. हे गाव पिढ्यान्‌पिढ्या जाणत होतं. बाबा फक्त शेवटी म्हणायचे, "आणि खाडीचा एक तास विसरू नको. पाण्याला आपल्या घरी यायला वेळ लागतो."

गावची जुनी उघाडी कुजली तेव्हा नवीन बांधायचं काम त्यांनी कचेरीत मागे लागून स्वतःकडे घेतलं. मी तेव्हा बारा वर्षांची होते. रोज संध्याकाळी जेवताना उघाडीच. झडपेच्या खालच्या काठाला त्यांनी लोखंडी पट्टी बसवली होती, चार बोल्टांनी. बसवायच्या दिवशी एक बोल्ट कमी पडला. ओहोटी होती, माणसं कमरेएवढ्या चिखलात उभी, आणि तासाभरात पाणी चढणार. बाबा धावत घरी आले, ओटीवरच्या माझ्या झोपाळ्याचा बोल्ट पान्याने काढला आणि धावत परत गेले. बाकीचे तीन बोल्ट गोल डोक्याचे, कारखान्यातले. माझा चौथा गावच्या लोहाराने ठोकलेला, चौकोनी डोक्याचा. झोपाळा महिनाभर सुंभाच्या दोरीने एका बाजूला तिरका लटकत होता आणि मी बाबांशी तेवढा महिना नीट बोलले नाही. नंतर मात्र मी सगळ्या मैत्रिणींना उघाडीवर नेऊन तो चौकोनी बोल्ट दाखवत असे. माझ्या झोपाळ्यावर गाव जेवतंय, असं मला वाटायचं.

बाबांचे चुलत भाऊ, माझे काका, शेजारच्या घरात राहायचे. बाबांपेक्षा चार वर्षांनी लहान, हसरे, हाताला चव असलेले. मासे धरण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. बाबांवर त्यांचा जीव होता, असं सगळे म्हणत. मीही म्हणत असे.

उघाडीच्या तिसऱ्या पावसात, नारळी पौर्णिमेनंतरच्या बीजेला, दुपारी अडीचच्या सुमाराला खाडी आत आली. वर्षातलं मोठं उधाण आणि वर धो धो पाऊस. झडप लागलीच नाही. पाणी उघाडीतून घुसलं, त्याने बाजूचा बांध कातरला आणि चार माणसं आडवी झोपतील एवढी खांड पडली. पोटरीत आलेलं भात आठ दिवसांत तांबडं पडलं. बायका बांधावर उभ्या राहून रडत होत्या. त्यातली एक आमच्या अंगणात येऊन थुंकून गेली.

चौकशी झाली. बाबांनी लिहून दिलं की झडपेच्या पातळीचा माझा अंदाज चुकला. त्यांची बदली झाली ती घाटावर, दूर, जिथे नदीलासुद्धा आठ महिने पाणी नसतं. तिथून दर आठवड्याला त्यांचं पोस्टकार्ड येई. ‘आज षष्ठी. साडेचार अधिक एक. आत्ता आपल्याकडे पाणी बांधाला लागलं असेल. वेण्या कोण घालतं?’ त्या जमिनीत तीन वर्षं पीक आलं नाही. खारं गवत आणि चिंबोऱ्या तेवढ्या माजल्या. खारं पाणी चढलेली जमीन म्हणजे खाजण, म्हणून गावाने तिचं नाव ठेवलं, ‘इंजनेराचं खाजन’. बायका एकमेकींना हाक मारून विचारत, इंजनेराच्या खाजनात येतेस का चिंबोऱ्या धरायला? बाबा सुटीवर आले की हे त्यांच्या कानावर पडायचं. ते म्हणायचे, चला, माझ्या नावावर थोडी जमीन झाली. आणि हसायचे. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

आणीबाणी उठली त्या साली बाबा गेले. सुटीवर आले होते, अंगणात भांडी घासत बसले होते, हातातलं पातेलं ठेवलं आणि कलंडले. पंचेचाळीस पुरी व्हायची होती. मला भाऊ नाही. मी एकोणीस वर्षांची, शिक्षिकेचं शिक्षण घेत होते, पण मुलीने अग्नी द्यायचा असं तेव्हा आमच्याकडे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. अग्नी काकांनी दिला. सगळ्यांत मोठ्याने तेच रडले.

दहाव्याला बायका जात नाहीत. मी गेले. बांधावर लांब उभी राहिले, कुणाची मला परत पाठवायची हिंमत झाली नाही. पिंड मांडला, कावळे भोवती उतरले, पण शिवेनात. ज्याला जे सुचेल ते माणसं पिंडापुढे बोलत होती. पोरीचं लग्न आम्ही करू, बायकोला अंतर देणार नाही, घर शाकारून देऊ. कावळे ढिम्म. ऊन डोक्यावर आलं. मग काका पुढे झाले. ओल्या धोतराने, हात जोडून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दादा, उघाडीची तुझी चूक गावानं माफ केली. आता जीव अडकवू नको. जा."

आणि कावळा शिवला.

माणसं माना डोलवत घरी गेली. मेलेल्या माणसाने स्वतः कबूल केलं, आता कुणाला काय शंका? गावाने माफ केलं हे कौतुकाने आमच्या दारात येऊन सांगितलं गेलं. आईने डोक्यावरून पदर घेतला आणि ‘बरं झालं’ म्हणाली. मला तेव्हा आईचाच राग आला.

तेराव्यासाठी काकांकडून मोठी पातेली आणली होती, ती परत द्यायला मी आठवड्याने त्यांच्या घरी गेले. काकी परसात मासे साफ करत होती. मोठ्या जिताड्याचं डोकं कोयत्याने फोडायचं म्हणून तिने तो एका लाकडी ओंडक्यावर ठेवला होता. डोकं फुटलं, तिने ओंडक्यावर पाणी ओतलं. रक्त वाहून गेलं, मग तिने ओंडका उलटा केला. खालून वर आलेल्या बाजूला लाकडात दाबले गेलेले चार वळ होते, एका ओळीत. गोल, गोल, गोल आणि चौकोनी.

मी खाली बसले. बोटाने तो चौकोन चाचपला. माझ्या झोपाळ्याच्या बोल्टाचा एक कोपरा ठोकताना चेपला होता, तो चेपलेला कोपरासुद्धा लाकडात उतरला होता. ओंडका कुठला, असं मी विचारलं. काकी सहज म्हणाली, तिवराचा आहे, तुझ्या काकांनी खाडीवरून आणला, लई वर्सं झाली.

मासे धरायची ती जुनी लबाडी आहे. भरतीच्या वेळी झडप आणि चौकट यांच्यामध्ये ओंडका घालायचा. झडप पुरती लागत नाही, फटीतून पाण्याबरोबर बोय, कोळंबी, जिताडा आत येतो. थोड्या वेळाने ओंडका काढायचा, मासे आत कोंडले जातात, ओहोटीला तोंडावर जाळं लावलं की झालं. एरवीच्या भरतीला पचतं. बीजेच्या उधाणाला घातलेला ओंडका मात्र पाण्याने असा दाबला जातो की दहा माणसांनाही निघत नाही. काकांना हे गणित माझ्याइतकंच येत होतं. एवढ्या मोठ्या पाण्याबरोबर मोठा मासा येईल, ही हाव त्यांना नडली.

मी घरी येऊन आईला सांगितलं. आई तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली नाही. म्हणाली, बाबांना त्याच संध्याकाळी कळलं होतं. ओहोटी लागल्यावर ते खांडीत उतरले तेव्हा ओंडका चौकटीतच होता. काका त्यांच्या पायांवर पडले. तीन कच्चीबच्ची पोरं घरात. गावाला कळलं असतं तर त्यांना वाळीत टाकलं असतं, विहिरीवर पाणी मिळालं नसतं. बाबा म्हणाले होते, माझी फार तर बदली होईल, याचं घर मोडेल. आणि ओंडका परत काकांच्याच खांद्यावर दिला, घेऊन जा म्हणून. त्या माणसाने तो जाळलासुद्धा नाही. लाकूड चांगलं होतं ना.

"तुझ्या बाबांची शपथ आहे," आई म्हणाली. "हे तोंडातून काढायचं नाही. ते घेऊन गेले, तू उकरू नको."

मी म्हटलं, बाबांनी माफ केलं असेल, पण दहाव्याला काकांनी बाबांना माफ केलं त्याचं काय? आईने तांदळातला खडा काढून बाजूला ठेवला. शपथ मात्र तिने घ्यायला लावली आणि मी घेतली.

दोन वर्षांनी मी गावच्याच शाळेत शिक्षिका म्हणून लागले. चंदनसारहून एक चांगलं स्थळ आलं होतं, ते मी नाकारलं. लोकांना वाटलं आईसाठी. आईसाठी होतंच. पण खरं सांगायचं तर मला गाव सोडायचं नव्हतं, कारण काका गावात होते. शपथ तोंडापुरती होती. तोंड बंद ठेवून काय काय करता येतं याचा मी दोन वर्षं विचार केला होता.

एक दिवस काका बाजाराला गेलेले बघून मी काकीकडे ओंडका मागितला. बांधावर बायकांना भारा टेकवायला काही नाही, तिथे ठेवते म्हटलं. काकी भाबडी. ने की, म्हणाली. बैलगाडीवाल्याने तो चढवला आणि उघाडीशेजारी, बांधाच्या वळणावर उतरवून दिला. मी तो माझ्या हाताने फिरवला, वळ वर येतील असा. काकांना आपल्या शेतावर जायला दुसरी वाट नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मुद्दाम बांधावरून गेले. काका ओंडक्यापुढे उभे होते. मला बघून त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. मी म्हटलं, काका, बसा ना, बायकांसाठी ठेवलाय. ते बसले नाहीत. त्यानंतर ते कधीच तिथे बसले नाहीत, डोक्यावर केवढंही ओझं असलं तरी. बायका मात्र दिवसभर टेकायच्या. ओंडक्यापाशी थांब, ओंडक्याच्या पुढे चिंबोऱ्या जास्त आहेत, असं बोलणं सुरू झालं. शाळेत परिसराची ओळख शिकवताना मी जमिनीवर खडूने गावाचा नकाशा काढायचे. विहीर, देऊळ, बांध, उघाडी. आणि त्या जमिनीवर लिहायचे, ओंडक्याचं खाजण. पोरं ते पाठ करून घरी न्यायची. ‘इंजनेराचं’ म्हटलं की मी चूक काढायचे आणि दहा वेळा लिहायला लावायचे. हो, लावायचे. मला त्याची लाज वाटत नाही.

दोन पावसाळ्यांनी ओंडका नाहीसा झाला. खाडीत कुणी ढकलला ते मला सांगायची गरज नव्हती. पण त्याचा उलटाच परिणाम झाला. इथे ओंडका होता ना, तो गेला कुठे, हे जो तो विचारू लागला आणि नाव पक्कं बसलं. काकांची धाकटी पोरं माझ्याच वर्गात होती. जेवताना तीसुद्धा घरात बोलत असतील, ओंडक्याचं खाजण. त्या घासाला काकांना कसं होत असेल याची मी कल्पना करायचे आणि मला शांत झोप लागायची. गावात दुसऱ्या कुणालाच त्या नावात काही दिसत नव्हतं. साधं नाव, जसं वडाचं शेत असतं. एकटा माणूस होता ज्याला ते ऐकू यायचं.

शेवटी काका आले. ओंडका बांधावर ठेवल्याला सहा-सात वर्षं झाली असतील. ओटीवर बसले, पाणी प्यायले नाहीत. खूप वाळले होते.

"बाय," ते म्हणाले, "त्या खाजनाचं नाव बदल. पोरं तुझं ऐकतान."

मी विचारलं, का काका, ओंडक्याला काय झालं? त्यांना कळलं होतं की मला कळलंय, आणि मला कळलंय हे बोलून दाखवायची त्यांची छाती नव्हती. मी आवाज न चढवता सांगितलं, "दहाव्याला जिथं उभं राहून माफ केलंत ना, तिथंच उभं राहा आणि नाव का बदलायचं ते गावाला सांगा. दुसऱ्या दिवशी बदलते." काका उठले आणि झोपाळ्याची कडी धरून ओटीवरून उतरले. मग गेले. गावाला त्यांनी काही सांगितलं नाही. आता त्यांची पोरं मोठी झाली होती, वाळीत टाकायचे दिवसही राहिले नव्हते. सांगता आलं असतं.

त्या पावसाळ्यानंतर काका गेले. दहाव्याला मी पुन्हा बांधावर जाऊन उभी राहिले, त्याच जागी. पिंड मांडला. कावळे आले, बसले, पंख साफ करत राहिले. मुलगा बोलला, पुतणे बोलले, सरपंच बोलले. ऊन डोक्यावर आलं. मग एका म्हाताऱ्याने माझ्याकडे बोट केलं, तिला बोलवा, तिच्यावर त्याचा जीव होता. सगळी माणसं वळून बघू लागली. काकांचा मोठा मुलगा चिखलातून माझ्यापर्यंत आला, ओल्या धोतराने, आणि हात जोडून म्हणाला, ताई, काहीतरी बोल.

काय बोलायचं ते मला ठाऊक होतं. एक वाक्य होतं, माफीचं. बाबांनी ते कधीच बोलून टाकलं असतं, वर त्या पोराला जवळ घेतलं असतं. मी त्याला म्हटलं, मला काही सुचत नाही रे. आईला दिलेल्या शपथेत गप्प राहणं बसतच होतं. शेवटी त्यांनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावून घेतला.

घरी आल्यावर आईने विचारलं आणि मी सांगितलं. ती म्हणाली, तुझ्या बाबांनी असं केलं नसतं. मी म्हटलं, म्हणून तर मला करावं लागलं. चार दिवस आम्ही एकमेकींशी कामापुरतंच बोललो.

दोन-एक वर्षांनी सरकारी मोजणीवाला आला. तरुण, नवा, हातात नकाशाची गुंडाळी. शाळेची मधली सुट्टी होती, म्हणून मीही माणसांबरोबर बांधावर गेले. त्याने जमिनीचं नाव विचारलं. चार-पाच जण एकदम म्हणाले, ओंडक्याचं खाजन. त्याने ते नकाशावर शाईने लिहिलं. मला मनापासून आनंद झाला. मग त्याने उघाडीकडे बघितलं, खाली वाकून चौकटीचे दगड हाताने तपासले आणि म्हणाला, काम फार चांगलं आहे, कुणी बांधली ही?

झडप मधे बदलली होती, बोल्टही सगळे नवे, गोल. "कोन जाने," एक जण म्हणाला, "सरकारनं बांधली आसंल." तो माझा विद्यार्थी होता. पहिल्या वर्षीच्या तुकडीतला. ‘इंजनेराचं’ लिहिलं म्हणून मी त्याच्याकडून दहा वेळा ‘ओंडक्याचं’ लिहून घेतलं होतं.

माझ्या वडिलांनी, असं मी म्हणाले, पण मोजणीवाला तोवर पुढे निघून गेला होता. गावात रोज बाबांची आठवण निघावी अशी ती एकच जागा होती, शिवीतून का होईना, आणि ती मी माझ्या हाताने, खडूने, आठ-नऊ वर्षं नेटाने पुसली होती. आता तिथे जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी काकांचा ओंडका आहे आणि बाबा कुठेच नाहीत. याचाही राग मी काकांवरच काढते.